सांगलीत न थांबलेला ढोल

दहिवडी-सातारा गाडीचे कंडक्टर महिपतराव आमच्या घरी आले की त्यांच्या हातात काहीतरी असायचंच. आमच्या आप्पांचा टपालखात्यावर विश्वास नव्हता. गावाकडून निघणारी प्रत्येक गोष्ट, मग ते लोणकढं तूप असो, बाजरीचं पीठ असो, नाहीतर "पोरीचा ताप उतरला का?" एवढा नुसता प्रश्न असो, ती एस.टी.नंच यायची. एकदा तर करडू आलं होतं. ते स्टँडपासून घरापर्यंत ओढत आणताना आमच्या कचेरीतले निम्मे लोक नेमके मलाच भेटले... ते असो. गेल्या महिन्यात महिपतराव दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात काहीच नव्हतं. टोपी तेवढी काढून धरली होती. बायको आतून "काय पाठवलंय हो आप्पांनी?" म्हणत बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली. "दुपारची भाकरी खाल्ली, लिंबाखाली लवंडलं, आन उठलंच न्हाईत," महिपतराव म्हणाले. "लय सुकात गेलं बगा." मग आपला निरोप फार थोडक्यात झाला असं वाटून ते म्हणाले, "गाडी लगीच हाय. दोन जागा धरून ठिवतो."

आप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते. वय किती होतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. विचारलं की "मोठ्या प्लेगात मी रांगत हुतो" म्हणायचे आणि प्लेग कुठला ते सांगायचे नाहीत. घरात हे दोघेच भाऊ. थोरल्याच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोक्यात शाळा शिरली आणि धाकट्याच्या गळ्यात ढोल पडला. वडिलांचं बघून मी शिकलो, साताऱ्यात कारकून झालो, टेरिकॉटच्या पँटी घालू लागलो. आप्पा मेंढरांमागं माळ तुडवत राहिले आणि बिरोबाच्या जत्रेला गजी वाजवत राहिले. ज्यांनी गजी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मधे ढोल, भोवती माणसांचा फेर, अंगात घोळदार पांढरे अंगरखे, डोक्याला फेटे, हातात रंगीत रुमाल. सुरुवात इतकी सावकाश की पाहणाऱ्याला वाटावं, ही मंडळी नाचताहेत की कुणाची वाट बघताहेत? मग ढोल हळूहळू चढत जातो, आणि केव्हा तरी आपल्या लक्षात येतं की एवढी माणसं एकदम गिरकी घेताहेत आणि खाली पाय पडतोय तो एकच. मलाही लहानपणी एकदा फेरात उभं केलं होतं. मी गिरकी चांगली घेतली, फक्त इतरांनी त्या वेळी घेतली नव्हती. पुढचे-मागचे दोघे माझ्या अंगावर पडले. आप्पांनी मला उचलून फेराबाहेर ठेवलं आणि म्हणाले, "तू आपला साळा शीक, गड्या." माझ्या शिक्षणाची कथा एवढीच आहे.

त्या मोठ्या दुष्काळानं आमच्या गावचा फेर मोडला. मेंढरं विकली गेली, काही वाटेतच मेली, आणि तरणी पोरं गाव सोडून जिकडं वाट फुटेल तिकडं गेली. आप्पांचा एकुलता एक दगडू मुंबईला गिरणीत लागला आणि त्याच्या मागोमाग आणखी चार-पाच जण गेले. ओळीनं दोन जत्रा गजीविना पार पडल्या. ढोल आढ्याला टांगून ठेवलेला. दिवाळीला दगडू आला तेव्हा आप्पांनी विषय काढून पाहिला. मी तिथंच होतो. "आप्पा, आता कोन नाचतंय?" दगडू म्हणाला. "पाळी करून आल्यावर जिना चढवत न्हाई, आन तुमी गजीचं काय घेऊन बसलाय?"  दगडू उठून गेल्यावर आप्पा मला म्हणाले, "दोन सालं झाली. तिसरं गेलं तर पाय इसरतील रं. मंग म्या ढोल वाजवून कुनाला ऐकवू, मेंढरांस्नी? ती बी न्हाईत आता." म्हातारा हसत होता, पण हसताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

आणि अशात सांगलीचं निघालं. सांगलीत 'कला आणि उद्योग महोत्सव' भरायचा होता. आमच्या साहेबांचे एक स्नेही त्या समितीवर होते आणि त्यांना लोककलेचं एखादं पथक हवं होतं. साहेबांनी कचेरीत सहज विचारलं, "कुणाच्या माहितीत आहे का?" आणि मी, ज्याला उभ्या आयुष्यात साहेबांनी फायलीशिवाय काही विचारलं नव्हतं, छाती काढून म्हणालो, "साहेब, आमच्या घरातच आहे!" घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पथक घरात आहे म्हणालात, पण त्यातली माणसं मुंबईत आहेत, ते सांगितलंत का?" ते अर्थातच राहून गेलं होतं. मी घाईघाईनं महिपतरावांबरोबर गावी निरोप धाडला. परतीच्या गाडीनं उत्तर आलं, "जायाचं. दगडूला कळीव." दगडूला मी कार्ड टाकलं, आणि पोरगा बापाच्या शब्दाबाहेर गेला नाही. 'येतो, पण ही शेवटची,' एवढंच त्यानं उलट लिहिलं. आप्पांना मी फक्त 'येतो' सांगितलं.

आप्पा आणि गावात उरलेले गडी विट्यावरून एस.टी.नं निघाले. मी मुद्दाम दहिवडीला जाऊन त्यांच्याबरोबर बसलो होतो, कारण पथकाचा प्रमुख म्हणून महोत्सवाच्या कागदावर माझं नाव गेलं होतं. हे गुपित बरोबरच्या कुणालाच माहीत नव्हतं. कंडक्टर नवा होता. म्हणाला, "ढोल टपावर टाका." आप्पा म्हणाले, "तुमी बसताय का टपावर?" "मी कशाला बसू?" "मंग त्यो कशाला बसंल?" अखेर ढोल खिडकीशी बसला, आप्पा त्याच्या शेजारी, आणि पथकाचे प्रमुख सांगलीपर्यंत उभे.

महोत्सवाचं मैदान पाहून आमची मंडळी हरखून गेली. एका बाजूला ऑइल इंजिनं, उसाचे चरक, पंप आणि मळणीयंत्रं. दुसऱ्या बाजूला मिरजेच्या सतारी, हातमागाची लुगडी, लाकडी खेळणी. मधे रंगमंच, त्यावर लाल सतरंजी आणि दिव्यांच्या माळा. कला इकडे, उद्योग तिकडे आणि दोन्हींच्या मधे भेळ-भजी. दोघांना जोडणारा दुवा बहुधा तोच असावा, कारण गर्दी सगळी तिथंच होती. आप्पा सतारींच्या स्टॉलपाशी खिळले. तिथं उस्मानभाई नावाचे सतारी घडवणारे कारागीर बसले होते. आप्पांनी सरळ सतारीच्या भोपळ्यावर नखानं टिचकी मारली, बाजारात भोपळा घेताना मारतात तशी. मला वाटलं, आता आपली शोभा होणार. पण उस्मानभाईंनी उठून आप्पांच्या ढोलावर तशीच टिचकी मारली. मग दोघं म्हातारे बराच वेळ एकमेकांच्या वाद्यांना टिचक्या मारत बसले आणि मी आप्पांचं गाठोडं सांभाळत उभा राहिलो. "आवाज बारीक हाय तुमचा," आप्पा म्हणाले, "पर लांब जात आसंल." "तुमचा तर काय, लय मोठा असंल, चाचा." "मोठा हाय की. पर औंदा गावाच्या भाईर जातोय का न्हाई, तेच बगायचंय."

दिवस कलला तशी मुंबईची मंडळी मिरजेला उतरून आली. दगडू केस वळवलेला, मनगटावर घड्याळ, चेहऱ्यावर रात्रभराचं जागरण. बापाच्या पाया पडला आणि लगेच म्हणाला, "आप्पा, आज नाचतो आन उद्याच्याला गाडी धरतो. खाडा परवडत न्हाई. आन ही शेवटची बारी बरं का." मी दडवलेलं त्यानं असं चारचौघांत उघडं केलं. आप्पा नुसतं "बरं" म्हणाले आणि त्याचं घड्याळ काढून घेऊन त्याच्या डोक्याला स्वतःच्या हातानं फेटा बांधू लागले. एवढ्यात महोत्सवाच्या कार्यवाह सुमतीबाई आल्या. हसतमुख बाई, पण त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात सगळा महोत्सव कोंबलेला. "आप्पा, तुमच्यानंतर साहेबांचं भाषण आहे, मग नाट्यगीतं. तुम्हाला पंधरा मिनिटं हं." आप्पांनी हात जोडले. "आवं बाई, आमचं काय हाय? तुमी थांबवलं की थांबू." सुमतीबाई खूश झाल्या. एवढे समजूतदार कलावंत त्यांना दिवसभरात भेटले नव्हते.

इथंच घोटाळा झाला, आणि तो आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकतो असा घोटाळा. बिरोबाचा ढोल एकदा सुरू झाला की वाजवणारा आपल्या मनानं तो थांबवत नाही. ज्याच्या दारात फेर धरलाय त्या यजमानानं पुढं येऊन ढोलावर भंडारा, म्हणजे हळदीची पूड, टाकायची. मग ढोल थांबतो. तोवर वाजवणारा हात थांबवत नाही आणि तोंडही उघडत नाही. आमच्या गावात पुजारी ताट घेऊन तयारच उभा असतो, त्यामुळं हे कुणाला कधी सांगावं लागलेलं नाही. जेवण झाल्यावर हात धुवायचे असतात, हे काय पाहुण्याला सांगायचं असतं? सुमतीबाईंना वाटलं, आपण हात वर केला की हे थांबतील. आप्पांना वाटलं, एवढ्या मोठ्या महोत्सवाची मालकीण, बाईंच्या हाताशी भंडाऱ्याचं ताट असणारच. आणि हे दोन्ही ज्याच्या ध्यानात यायला हवं होतं तो पथकप्रमुख पहिल्या रांगेत, भाषणाला आलेल्या आमच्या साहेबांशेजारी बसून त्यांना गजीचा इतिहास सांगत होता. त्यातला निम्मा त्याला तिथंच सुचत होता.

फेर सुरू झाला. आधी सावकाश, अगदी सावकाश. दोन सालं पाय बंद होते ते दिसत होतं. कुणी मागं पडत होता, कुणाचा रुमाल उशिरा उडत होता. दगडूचा चेहरा तर गिरणीच्या भोंग्याला उभा असावा तसा. पंधरा मिनिटं होत आली तेव्हा कुठं पाय जुळू लागले. सुमतीबाईंनी विंगेतून हात वर केला. आप्पांनी पाहिलं, मान तुकवली आणि वाजवत राहिले. बाईंनी दोन्ही हात वर केले. आप्पांनी अधिक आदरानं मान तुकवली. मग बाईच रंगमंचावर येऊन हात जोडून उभ्या राहिल्या. आप्पांनी ढोल त्यांच्या पुढ्यात नेला, त्यांच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं, आणि गोंधळून चाल वाढवली. साहेब मला म्हणाले, "हे संपतं कसं, त्याचा इतिहास सांगा." तो काही मला सुचेना. तेवढ्यात फेरातून दगडू माझ्यासमोरून गेला आणि जाताजाता ओरडला, "दादा!" फेर पुढं सरकला. पुन्हा समोर आला तेव्हा म्हणाला, "भंडारा!" पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला, "बाईंच्या हातात..." आणि चौथ्या खेपेला, "आवं उठा की!"

मी उठलो आणि पळालो. अख्ख्या मुलखाला हळद पुरवणाऱ्या सांगलीत मूठभर हळद मिळायला कितीसा वेळ लागणार? उद्योगाच्या बाजूला हळदीचा भला थोरला स्टॉल होता. गुडघाभर उंच ढीग, पण सगळी अख्खी हळकुंडं. "पूड नाही का?" "पूड ठेवत नाही. पुडीत भेसळ असते असा लोकांना संशय," व्यापारी म्हणाला आणि एक लखलखीत हळकुंड माझ्या हातावर ठेवलं. "घ्या. घरी जाऊन कुटा." तो ढोल मला मैदानाच्या या टोकालाही ऐकू येत होता, आणि आता त्यात एक वेगळाच जोर आला होता. मी भज्यांच्या स्टॉलकडं वळलो. तळत बसलेल्या बाईंना म्हणालो, "हळद द्या हो मूठभर, लवकर!" बाईंच्या हातातला झारा थांबला. "अगंबाई, कुणाला लागलं?" "लागलं नाही, थांबवायचंय!" "रक्त?" "ढोल!" बाईंनी माझ्याकडं एकदा नीट पाहिलं आणि वाद न घालता मिसळणाचा डबा पुढं केला.

मूठ आवळून परत येतो तो रंगमंच रिकामा.  हाकलून दिलं वाटतं! पण ढोल तर वाजत होता. पाहिलं तर आप्पा खाली मैदानात. फळ्या लवायला लागल्या, दिव्यांच्या माळा हलायला लागल्या, तसे ते वाजवत वाजवत पायऱ्या उतरले आणि सगळा फेर त्यांच्यामागं मातीत आला. माती लागल्यावर पायांना काय झालं कोण जाणे. आणि फेर तरी केवढा! बाहेरच्या बाजूनं आणखी माणसं शिरली होती. अंगात बंड्या, अंगरखे नाहीत, फेट्याच्या जागी फडकी, रुमालाच्या जागी खांद्यावरचे पंचे. सांगलीच्या हळदीच्या पेठेतले ते हमाल होते. आमच्याच माण तालुक्यातले, दुष्काळात इकडं येऊन पोती उचलायला लागलेले. ढोल ऐकून काम संपताच तशाच अंगानं धावत आले होते. केसांपासून टाचेपर्यंत हळदीनं पिवळे. बिरोबाच्या जत्रेत माणूस भंडाऱ्यानं व्हावा तसे पिवळे. आणि मी इथं मुठीत चिमूटभर घेऊन उभा! त्या फेरात दगडू होता. त्याचे डोळे मिटलेले होते आणि तो हसत होता. मला वाटतं, आप्पा वाजवत होते ते फक्त त्या एका चेहऱ्याकडं बघून.

मी सुमतीबाईंपाशी गेलो आणि धापा टाकत सगळं सांगितलं. "म्हणजे हे त्या ढोलावर टाकायचं, एवढंच?" "एवढंच." त्यांनी हळद मुठीत घेतली, दोन पावलं पुढं गेल्या. आणि थांबल्या. उस्मानभाई आपला स्टॉल सोडून आले होते, इंजिनवाले आले होते, नाट्यगीतं म्हणणारे बुवा शाल सावरत खुर्चीवर उभे राहून पाहत होते. सुमतीबाईंनी हातातल्या घड्याळाकडं पाहिलंच नाही. मूठ मागं घेऊन मला म्हणाल्या, "अजून थोडं होऊ दे ना..." साहेबांनी भाषणाचे कागद घडी करून खिशात घातले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरही मला सुटकाच दिसली.

बऱ्याच वेळानं बाईंनी पुढं होऊन हळद टाकली. ढोल थांबला. मैदानात अशी शांतता पसरली की भजी तळल्याचा आवाज ऐकू यावा. त्या शांततेत आप्पा सणसणून शिंकले. मिसळणाच्या डब्यात तिखटाचीही वाटी होती, आणि घाईत माझा हात... "बाई," आप्पा डोळे पुसत म्हणाले, "भंडारा लय तिकाट हाय तुमच्या सांगलीचा!" आणि अख्खं मैदान हसलं.

फेर फुटला तसे ते हमाल दगडूभोवती जमले. त्यातल्या एकानं विचारलं, "गड्या, औंदा जत्रंला फेर धरताय न्हवं? आमी यितो." मी आप्पांकडं पाहिलं. ते ढोल पुसत होते, लेकाकडं पाठ करून. पण पुसणारा हात थांबला होता. दगडू म्हणाला, "धरनार की. न धरायला काय झालं?" जसं काही कधी कुणी वेगळं बोललंच नव्हतं. आप्पांचा हात पुन्हा चालू झाला. वळून लेकाला एवढंच म्हणाले, "फेटा नीट सोड. चुरगळंल." दुसऱ्या दिवशी दगडूनं गाडी धरली नाही. हमालांच्या खोलीवर जेवला, संध्याकाळी लोकाग्रहास्तव पुन्हा नाचला, आणि खाड्याचं काय झालं हे कुणी त्याला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याचं ताट सुमतीबाईंनी घरून आणलं होतं.

त्यानंतर जत्रेला फेर कधी मोडला नाही. मुंबईचे येत, सांगलीचे येत, आणि उभं राहायला जागा पुरेना. आप्पा मला दर वर्षी बोलवायचे आणि दर वर्षी लांब बसवायचे. समाधानी माणूस. मागितलं ते मिळालं आणि त्यापुढं काही मागितलं नाही, असं ज्याच्याविषयी खरोखर म्हणता येईल असा माझ्या पाहण्यातला हा एकच.

यंदा जत्रा आली ती आप्पांना जाऊन काही आठवडेच झाले असताना. घरात दुखवटा. गावातली जाणती मंडळी म्हणाली, औंदा राहू द्या, पुढल्या साली बघू. मुंबईची, सांगलीची माणसं येऊन लिंबाखाली बसली होती. दगडूही त्यांच्यातच बसला होता. तेव्हा काकी, आप्पांची बायको, आतून आली. म्हणाली, "ह्यास्नी जाऊन इतकं दिस झालं. त्यांच्या ढोलावर कुनी भंडारा टाकला का?" तिनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. "न्हाई न्हवं? मंग त्यो थांबलाय म्हनून कुनी सांगितलं तुमास्नी?" दगडूनं उठून ढोल काढला आणि गळ्यात अडकवला.

पुजाऱ्यानं या खेपेला भंडाऱ्याचं ताट काकीच्या हाती दिलं. काकी ते मांडीवर घेऊन बिरोबाच्या पायरीवर बसली. फेर सुरू झाला, चढला, रंगात आला. सावल्या लांबल्या, पोरांचे अंगरखे घामानं अंगाला चिकटले, आणि एकेक जण गिरकी घेता घेता पायरीकडं डोळा टाकू लागला. पुजारी वाकून म्हणाला, "काकी, उठा आता. पोरं दमली."

"दमू द्या जरा," काकी म्हणाली, आणि ताटावर पदर झाकून बसून राहिली.